गुरुवार, यमन, छान

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, बून काउंटी नावाच्या कोळसाखाणींच्या मुलखात हॅसिल अ‍ॅडकिन्स नावाचा एक माणूस राहायचा. जन्म १९३७, मृत्यू २००५. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लहानपणी रेडिओवर हँक विल्यम्सची गाणी लागायची आणि निवेदक नाव घ्यायचा ते फक्त हँक विल्यम्सचं. त्यामुळे पोराचा समज झाला की गाणं, गिटार, ढोल सगळं तो एकटाच वाजवतो. मग यानंही तेच करायचं ठरवलं. हातात गिटार, पायाखाली ढोल, तोंडासमोर माइक आणि शेजारी घरातला टेपरेकॉर्डर. वर्षानुवर्षं तो घरीच गाऊन टेप भरत राहिला. गाण्यांचे विषय काहीही. कोंबड्यांवर त्यानं इतकी गाणी केली की पुढे फक्त कोंबड्यांच्या गाण्यांचं एक वेगळं संकलन निघालं.

या संगीताला रॉकॅबिली म्हणतात. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या खेडूतांचं कंट्री आणि काळ्यांचं रिदम अँड ब्लूज यांची जी सरमिसळ झाली, तिचं हे पहिलंवहिलं, उघडंवाघडं रूप. एल्विस प्रेस्लीनं १९५४ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्ससाठी केलेल्या तबकड्या ऐकल्या असतील तर ते लगेच कळेल. (आपल्याकडे या लाटेचं पाणी सिनेमातून आलं, आणि ते एका मराठी माणसानं आणलं. १९५७च्या ‘आशा’तलं सी. रामचंद्रांचं ‘ईना मीना डीका’ आठवा.)

१९८६ साली बिली मिलर आणि मिरियम लिन्ना या न्यू यॉर्कच्या जोडप्यानं अ‍ॅडकिन्सच्या घरगुती टेपांमधून निवडून ‘आउट टू हंच’ ही लाँगप्ले काढली. नॉर्टन रेकॉर्ड्स या त्यांच्या कंपनीचं ते पहिलंच प्रकाशन. आवाज फुटलेला, माइक ओव्हरलोड झालेला, खोली ऐकू येणारी. या दोघांनी त्यातलं काही घासूनपुसून गुळगुळीत केलं नाही. स्टुडिओत नेऊन अ‍ॅडकिन्सला ‘नीट’ गायला लावलं नाही. जे घरात झालं ते तसंच विकायला ठेवलं, त्याच्या नावानं. दुर्गम भागातला एक विक्षिप्त माणूस त्यामुळे जगाला ठाऊक झाला आणि उतारवयात हिंडून कार्यक्रम करू लागला.

ही लाँगप्ले मला आवडते, पण लिहिण्याचं कारण ते नाही. कारण असं की, बून काउंटीतल्या एका घरात जेवढ्या टेपा होत्या त्याच्या कितीतरी पट टेपा आज पुण्यात आहेत, त्यांच्यावरचं संगीत जगातल्या कुठल्याही संगीताच्या तोडीचं आहे, आणि त्यांचं आपण काय केलंय? कपाटात कुलूप लावून ठेवलंय. त्याला ‘जतन’ असं नाव दिलंय.

मी घरगुती बैठकींच्या ध्वनिमुद्रणांबद्दल बोलतोय. या टेपांशिवाय हिंदुस्थानी संगीताचा विसाव्या शतकातला इतिहास लिहिताच येत नाही, हे आधी नीट मांडायला हवं. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, गौहरजानच्या वेळी. पण ७८च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ख्यालाचा नुसता स्थायी मांडायलाही ती पुरत नाहीत. आलापाची बढत, एकेका स्वरावर थांबून पुढच्या स्वराची वाट पाहायला लावणं, हे त्या तबकडीत बसणारच नव्हतं. लोक तीन मिनिटांत रागाचा अर्क काढायचे, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी तो असा काढला की आजही अंगावर काटा येतो. पण अर्क म्हणजे जेवण नव्हे. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांची. परग्रहावर कोणी असेलच तर त्यांना केसरबाई तेवढ्याच कळणार.

आणि काहीजण तेवढेही कळत नाहीत. अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत होते. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचंही नाही. ज्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला, ज्यांच्याकडे बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव शिकले, त्यांचा आवाज कसा होता हे आज आपल्याला फक्त लोकांच्या आठवणींवरून कळतं. बुवा गेले तेव्हा या देशात ध्वनिमुद्रणाला वीस वर्षं झाली होती.

मग स्पूलचा टेपरेकॉर्डर आला. ग्रुंडिग, फिलिप्स. तो कोणाकडे असायचा? डॉक्टर, वकील, परदेशी जाऊन आलेला एखादा इंजिनीअर, कारखानदार. हीच मंडळी घरात बैठकी भरवायची. सात इंची स्पूल पावणेचार इंच प्रतिसेकंद या वेगानं लावलं की एका बाजूला तासाभराहून थोडं जास्त ध्वनिमुद्रण होतं. म्हणजे पहिल्यांदाच अख्खा बडा ख्याल, छोटा ख्याल, मधलं पाणी पिणं आणि तानपुरा पुन्हा लावणं यांसकट टेपेवर उतरू लागला. गवई घरात होता, समोर वीस-पंचवीस कानसेन होते, घड्याळाकडे बघणारा आकाशवाणीचा अधिकारी नव्हता. उत्तम गाणं कुठे होतं असं कुठल्याही बुजुर्गाला विचारा. तो सभागृहाचं नाव घेणार नाही, कोणाच्या तरी दिवाणखान्याचं घेईल.

हे सगळं पुण्याला माहीत होतं, याचा पुरावा म्हणजे अलूरकर म्युझिक हाउस. सुरेश अलूरकरांचं कर्वे रोडवरचं हे दुकान ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. इतरांसाठी: त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटी तर विकल्याच, शिवाय प्रत्यक्ष मैफलींची आणि खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणं मिळवून स्वतःच्या नावाखाली कॅसेटवर काढली. एचएमव्हीला ज्यात धंदा दिसत नव्हता ते एका दुकानदारानं केलं. मिलर-लिन्ना ब्रुकलिनमध्ये करत होते जवळपास तेच काम, जवळपास त्याच काळात, कर्वे रोडवर चाललं होतं. माझ्या पिढीला ते दुकान मिळालं नाही. आम्हाला मिळाल्या त्या कॅसेटींच्या यूट्यूबवरच्या नकला, कोणीतरी ‘रेअर’ असं लिहून चढवलेल्या.

दुकान बंद झालं याचा दोष मी कोणाला देत नाही. कॅसेट संपली, सीडी संपली, धंद्यात असं होतं. माझा राग वेगळा आहे. अलूरकरांनी ज्या कपाटांतून टेपा बाहेर काढल्या तशी आणखी शेकडो कपाटं या शहरात आहेत आणि त्यानंतर ती कोणी उघडली नाहीत. उलट त्यांच्याभोवती एक पंथ उभा राहिला.

या पंथाचे नियम सांगतो. तुमच्याकडे काहीतरी दुर्मिळ असेल तरच तुम्हाला काहीतरी दुर्मिळ मिळतं. तुम्ही एक द्या, मी एक देतो. दिलेलं पुढे कोणाला द्यायचं नाही अशी शपथ. मालाची किंमत तो किती जणांकडे नाही यावर ठरते. पोस्टाच्या तिकिटांसारखं हे चालतं. फरक एवढाच की तिकीट संग्राहक तिकिटाची पूजा करतो म्हणून सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका गृहस्थांकडे गेलो होतो. नाव सांगणार नाही. वय पंच्याहत्तरच्या पुढे, ज्ञान अफाट, चहा उत्तम. एक बैठक ऐकायची होती, जिच्याबद्दल मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं होतं. त्यांनी लावली. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत चार वेळा आवाज कमी करून ‘आता बघा हं’ म्हणाले. मग बंद केली. नक्कल मिळेल का विचारल्यावर हसले आणि म्हणाले, ‘तुम्हाला काय करायचीय?’ मी म्हटलं, ऐकायचीय. यावर त्यांनी मला विचारलं की माझ्याकडे काय आहे. माझ्याकडे काय असणार? मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. माझा जन्म झाला तेव्हा त्या बैठकीतले सगळे वारले होते.

त्यांची नंतर जी मतं ऐकली ती त्यांची एकट्याची नाहीत, सगळ्या पंथाची आहेत. म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिलं मत: कलावंतानं परवानगी दिली नव्हती. हा मुद्दा खरा आहे आणि हलका नाही. बऱ्याच गवयांना आपलं गाणं टेप झालेलं आवडत नसे. आपली विद्या चोरली जाईल ही भीती होती, वाईट दिवसाचं गाणं कायमचं चिकटेल ही भीती होती. केसरबाई तर याबाबतीत प्रसिद्धच होत्या. एखाद्यानं स्पष्ट ‘नको’ म्हटलं असेल तर ती टेप बंद ठेवा, माझी हरकत नाही. पण मग ती बंदी तुम्हालाही लागू आहे ना? बाईंनी नको म्हटलं होतं, म्हणून जगाला ऐकवायचं नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सहा मित्रांना मात्र ऐकवायचं, हा कुठला आदर? ज्या माणसानं सोफ्यामागे माइक लपवून टेप केली, त्याच्याच वारसानं मला कलावंताच्या संमतीवर व्याख्यान द्यावं, याची गंमत वाटते.

दुसरं मत: कायदा. मी वकील नाही, पण कायदा वाचता येतो. कॉपीराइट कायदा १९५७चा. खासगी वापरासाठी कोणी ध्वनिमुद्रण केलं तर तो कलावंताच्या हक्कांचा भंग धरला जात नाही. कलावंतांचे हे हक्क कायद्यात आले १९९४च्या दुरुस्तीनं. आधी मुदत २५ वर्षं होती, १९९९मध्ये ५० झाली, आणि ती मोजायची कार्यक्रमाच्या पुढल्या वर्षापासून. म्हणजे १९६८च्या बैठकीतले हे हक्क कसेही धरले तरी २०१८च्या अखेरीपर्यंत संपले. ध्वनिमुद्रणाच्या कॉपीराइटचं गणित मात्र मजेशीर आहे. त्याची ६० वर्षं सुरू होतात ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर. कपाटातली टेप कधी प्रसिद्धच झाली नाही, त्यामुळे तिचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. म्हणजे आपल्या कायद्यानं लपवणाऱ्याला घाई करण्याचं काहीच कारण ठेवलेलं नाही. लपवा, हक्क तसाच ताजा राहील. टेप राहणार नाही, एवढंच.

आणि हक्क संपले म्हणून कलावंताच्या घरी पैसे द्यायचे नाहीत असं मी म्हणत नाही. द्यायलाच हवेत. बैठकीला आलेल्या तबलजीच्या आणि पेटीवाल्याच्या घरीसुद्धा. प्रकाशन झालं तर निदान हिशेब मागता येतो. आज या टेपांची जी अदलाबदल चालते तिच्यातून कुठल्या गवयाच्या नातीला एक रुपया मिळालाय?

तिसरं मत मला सगळ्यात जास्त चीड आणतं: हे गाणं दर्दी लोकांसाठी आहे, बाजारात गेलं की मातेरं होईल. दर्दी होतात कसे? आकाशातून पडतात? माझ्या वयाचा कोणीतरी रात्री अकरा वाजता स्वारगेटहून शेवटची बस पकडताना कानात काहीतरी लावतो, त्याला काही कळत नाही, दुसऱ्यांदा लावतो, विसाव्यांदा लावल्यावर एक मींड कुठून कुठे गेली हे दिसतं. दर्दी असाच होतो. त्याला तुम्ही दहा मिनिटं ऐकवणार, चार वेळा आवाज कमी करून.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण टेप बाहेर आली की तिची दुसरी वाट लावायला माझ्याच व्यवसायातली मंडळी टपलेली आहेत. एखादी बैठक प्रसिद्ध होते ती ‘स्वच्छ’ होऊन. पंख्याचा आवाज काढला, खोकला काढला, ‘क्या बात है’ काढलं, तानपुरा लावतानाची पाच मिनिटं काढली. आता एक बटण दाबलं की हे सगळं होतं, आणि ते बटण काय करतं ते मला पक्कं माहीत आहे. गोंगाट काढणाऱ्या जुन्या पद्धती ध्वनिमुद्रणातला एकसारखा, न बदलणारा आवाज शोधतात आणि तो वजा करतात. बैठकीत एकसारखा, न बदलणारा आवाज पंख्याचा असतो, आणि दुसरा कोणाचा? तानपुऱ्याचा. पंखा घालवायला जाता आणि जवारीची ती बारीक झणझण, जिच्यावर गवई कान ठेवून स्वर लावत होता, ती अर्धी पंख्याबरोबर जाते. मग गाणं हवेत लटकल्यासारखं ऐकू येतं आणि वर ‘डिजिटली रिमास्टर्ड’ अशी चिठ्ठी लागते.

दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. जुन्या टेपेत विजेची घरघर असते, ५० हर्ट्झच्या आसपास. सफाई करणारा पहिल्यांदा तिलाच मारतो. पण जुनी यंत्रं नेमक्या वेगानं कधीच चालत नसत. एका यंत्रावर टेप केली, दुसऱ्यावर वाजवली की काळी एकमध्ये गाणारा काळी दोनला जातो, आणि आवाजाचा पोतही पोरकट होतो. मूळ स्वर कुठला होता ते ठरवायचं कसं? ती घरघर मोजायची. ती ५०च्या जागी ५३वर आली असेल तर टेप जोरात पळतेय. आपल्या विजेची वारंवारता तेव्हा धड स्थिर नसायची, त्यामुळे उत्तर अंदाजेच येतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. म्हणजे ज्याला कचरा समजून फेकतात त्या घरघरीतच गवयाच्या षड्जाचा पत्ता असतो. वेग दुरुस्त करा, जरूर करा. बाकीच्याला हात लावायचाच असेल तर मूळ प्रत जशीच्या तशी शेजारी ठेवा. कोणीतरी दाद देतं आणि गवई तीच जागा पुन्हा घेतो. दाद काढून टाकली तर त्यानं ती पुन्हा का घेतली, हे ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही.

आणि चिठ्ठीवरून आठवलं. माझ्या आत्याच्या सासऱ्यांची तीन स्पूलं आमच्याकडे आली. यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं. डब्यांवर त्यांच्या सुंदर अक्षरात नोंदी आहेत. एकीवर लिहिलंय: ‘गुरुवार, यमन, छान’. बस्स. कोणता गुरुवार, कोणतं साल, कोणाचं घर, मुख्य म्हणजे कोण गातंय, काही नाही. त्यांना माहीत होतं ना, मग लिहायचं कशाला. सारं शहर ज्यांना ओळखत होतं अशा सुशिक्षित घरातली ही नोंद आहे.

आता याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवतो, तीही पुण्यातलीच. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी इथे राहून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. घराच्या ओसरीत, मागे कोंबडं आरवतंय, पोर रडतंय. हा सगळा साठा २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर कोणालाही ऐकायला खुला होत गेला. तिथे ओवीसोबत काय दिसतं? गाणाऱ्या बाईचं नाव. गाव. तालुका. बऱ्याचदा फोटो, जात, मुलंबाळं किती, काम काय करते. लिहितावाचता न येणाऱ्या बाईचं नाव तिच्या ओवीला कायमचं जोडलेलं आहे. आणि डेक्कनवरच्या पदवीधर घरातल्या बैठकीवर लिहिलंय ‘छान’.

म्हणून कोणी म्हणालं की हे काम फार मोठं आहे, त्याला सरकार हवं, न्यास हवा, वातानुकूलित इमारत हवी, तर माझा विश्वास बसत नाही. इमारत आणि संस्था एकदा आल्या होत्या की. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतशास्त्राचं अभिलेखागार १९८२ साली पुण्यातच सुरू झालं. नंतर ते दिल्लीला आणि पुढे गुरुग्रामला गेलं. तिथे उत्तम काम चालतं. आपण इथे सांस्कृतिक राजधानी असल्याचे फलक लावत बसलो.

हिशेबच करायचा तर करू. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, म्हणजे अभिलेखागारांना चालेल अशा दर्जात एक तास ध्वनिमुद्रण साधारण दोन जीबी जागा खातं. या टेपा बहुतेक मोनो, म्हणजे एक जीबी. हजार तासांची बैठक एका टेराबाइटमध्ये बसते. हा डिस्क तळहातावर मावतो. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावात ठेवा. आमच्या धंद्यात ग्राहकाच्या वीजबिलाच्या नोंदींचीसुद्धा आम्ही इतकी काळजी घेतो. महाग आहे ते यंत्र आणि ते चालवणारा माणूस. चालू स्थितीतली स्पूलची यंत्रं कमी होत चालली आहेत, रबरी पट्टे आणि हेड मिळत नाहीत, ती दुरुस्त करणारे कारागीर ऐंशीच्या घरात आहेत. टेपांचं काय होतंय तेही सांगतो. जुनी अ‍ॅसिटेटची टेप कुजताना तिला व्हिनेगरसारखा वास येतो, ती आखडते आणि मोडते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा चिकटवणारा थर हवेतलं पाणी शोषून चिकट होतो. तशीच वाजवली तर थर यंत्राच्या हेडवर खरवडून येतो आणि गाणं तिथेच जातं. तिला आधी कमी आचेवर, पन्नास-पंचावन्न अंशांवर तासन्‌तास शेकावं लागतं, मग थोडे दिवस ती वाजते. पुण्याचे चार महिने पावसाचे. बुरशीला दर्दी आणि बिगरदर्दी यांतला फरक कळत नाही.

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात नॉर्टन रेकॉर्ड्सचं ब्रुकलिनमधलं गोदाम पाण्याखाली गेलं. माणसं जमली, अनोळखी माणसं, आणि एकेक तबकडी काढून धुतली, पुसली, वाळत घातली. माणसं आली कारण ती गाणी त्यांच्या घरात होती, त्यांना माहीत होतं काय बुडतंय ते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून काय काय वाहून गेलं याच्या याद्या झाल्या, भांड्यांपासून पोथ्यांपर्यंत. उद्या यांतलं एखादं कपाट गेलं तर धुवायला कोण येणार? आत काय होतं हे कपाटवाल्याशिवाय कोणाला ठाऊकच नाही. बऱ्याचदा तर त्याच्या मुलालाही नाही. मुलगा न्यू जर्सीत असतो, तो पंधरा दिवसांच्या रजेवर येतो, फ्लॅट रिकामा करतो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रकाशन नंतर बघू, आधी यादी करा. एक एक्सेलची फाइल, सहा रकाने: कोण, साथीला कोण, काय, कुठे, केव्हा, किती मिनिटं. जे माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असं लिहा. गाणं देऊ नका हवं तर, यादी द्या. यादी दिल्यानं कोणाचा हक्क बुडत नाही, कुठल्या कलावंताचा अपमान होत नाही, कायदा मोडत नाही. फक्त कोणाकडे काय आहे हे इतरांना कळतं. आणि याला जे नकार देतील त्यांचं संगीतप्रेम कशावर आहे, तेही.

माझ्यापासून सुरुवात. स्पूलं तीन. एक अजून चिकट आहे, शेकून घ्यायचंय. एकावर नाट्यपदं, गाणारे घरातलेच असावेत. ‘गुरुवार, यमन, छान’वर यमन पहिली चाळीस मिनिटं आहे, पुढच्या वीस-बावीस मिनिटांबद्दल डबी गप्प आहे, तिथे खमाजची ठुमरी आणि मग अर्धवट भैरवी, टेप मध्येच संपते. गाणारी बाई आहे. घरघरीवरून वेग लावला तर काळी चारच्या आसपास. यमनचा ठेका तिलवाडा, तबला संथ आणि फार गोड, पेटी जवळजवळ नाहीच, सारंगी आहे. एकतीसाव्या मिनिटाला बाई खोकते, थांबते, ‘माफ करा हं’ म्हणते, मागून एक पुरुष म्हणतो, ‘सावकाश, ताई, घाई कुणाला आहे.’ मराठी दोघांचंही पुण्याचं नाही, थोडं कोल्हापूरकडचं वाटतं. सासरे १९६४ ते १९७१ या काळात टेप करत असत. या ताई कोण, हे आमच्या घरात आता कोणालाच सांगता येत नाही. कोणाच्या घरी तीच बैठक दुसऱ्या टेपेवर असेल, किंवा त्या संध्याकाळी तिथे बसलेलं कोणी असेल, तर कृपया कळवा.